कार्तिकैसाठी आणलेली माळ

रोषणाईचे दिवे निवडायला मी आठ दिवस घेतले. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला एवढी चिकित्सा शोभते, असं माझं तेव्हा ठाम मत होतं. बाजार नुकता खुला झाला होता आणि तंजावूरच्या दुकानांतही परदेशी दिव्यांच्या माळा लोंबू लागल्या होत्या. दुकानदार मात्र रंगीत झिरोचे बल्बच पुढे करत होता. नाव झिरो, पण एकेक पंधरा वॅट खाणार. दहा लावले की झाले दीडशे. आधीच संध्याकाळी आमच्या गल्लीत व्होल्टेज इतकं पडायचं की ट्यूबलाइट लागता लागत नसे. मी तांदळाच्या दाण्याएवढ्या दिव्यांची माळ घेतली. सगळी मिळून दोन झिरोंइतकीच वीज घेणारी. घरी येऊन हे सारं बायकोला वर्गात सांगावं तसं समजावलं आणि खोकं कपाटात ठेवलं.

बायको पुण्याची. आमचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठा राजांबरोबर इकडे आले आणि इथलेच झाले. घरात मराठी बोलायचे सगळे, पण वाचता कुणालाच येत नव्हतं. मलासुद्धा तिनंच शिकवलं. दिवाळसण तिच्या माहेरी झाला होता, त्यामुळे आमच्या घरची ही तिची पहिलीच दिवाळी. दिवाळी झाली की ती पुण्याला जाणार होती. जाण्याचं तिकीट काढलं होतं, परतीचं "बघू नंतर" म्हणाली होती. ती परत येईल ना, ही धास्ती मला रात्रंदिवस होती आणि विचारायचा धीर होत नव्हता.

दिवाळीच्या पहाटे तेल लावून आंघोळी झाल्या, नवे कपडे झाले, फटाके झाले. आमच्याकडे दिवाळी म्हणजे एवढीच, पहाटेची. दिवे लागतात ते पुढे कार्तिकैच्या पौर्णिमेला. तेव्हा दारोदार पणत्या असतात. हे माझ्या इतकं अंगवळणी पडलेलं की तिला सांगायचं सुचलंच नाही. आठ दिवस तिला वॅट ऐकवले आणि माळ कधी लावायची तेवढं सांगितलं नाही. दुपारी पोटभर जेवून मी खुशाल झोपलो.

उठलो तर दिवस मावळला होता. ती नवी साडी नेसून घरापुढच्या ओट्यावर उभी होती. गल्लीत एकाही दारात दिवा नव्हता.

"माळ कधी लावायची?" तिनं विचारलं.

"कार्तिकैला. त्याला अजून वेळ आहे."

ती हळूच म्हणाली, "घरी आता आकाशकंदील लावला असेल." तिचा चेहरा एवढासा झाला होता.

आत आरामखुर्चीत अप्पा होते. रिकाम्या खोलीतला पंखा दिसला की चिडणारे माझे वडील, त्यांनी वीज वाचवली म्हणून माझी पाठ थोपटावी, अशी माझी अपेक्षा.

"काय रे," ते म्हणाले, "लाइट आणून पेटींतच ठेवलास? पोरीला अंधारांत उभं करून कसला करंट वाचिवतोस?"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. स्टूल आणलं, खोकं फोडलं आणि माळ दारावर बांधायला घेतली. ती खालून गुंता सोडवून देत होती. दिवे लागले तशी समोरची मामी बाहेर आली. कार्तिकैला इतका अवकाश असताना आजच दिवे कसे, असं तिनं तमिळमध्ये विचारलं. मी वर उभा राहून काय सांगावं याची जुळवाजुळव करत होतो. बायकोचं तमिळ दीड वर्षात भाजीवालीच्या पलीकडे गेलं नव्हतं; चार माणसांत ती तोंडच उघडत नसे.

"एंग वीट्ल इन्निक्कुदान, मामी," ती आमच्या दाराच्या चौकटीवर हात ठेवून म्हणाली.

आमच्या घरी आजच असतात.

मला रडूच आलं. गाठ केव्हाच बसली होती, तरी मी बराच वेळ भिंतीकडे तोंड करून ती बांधत राहिलो.