धाकूतात्याच्या वाट्याची पट्टी

कोलशेतच्या आमच्या कोळीवाड्यात जाळी विणता विणता धाकूतात्या बोलू लागला की आजूबाजूच्या चुली थंड व्हायच्या. आता तसे सांगणारे उरले नाहीत आणि ऐकणारेही. मला त्याची फार आठवण येते.

तरणाबांड असताना तो गोऱ्यांच्या जहाजावर खलाशी म्हणून गेला आणि अमेरिकेच्या पार वरच्या, बर्फाच्या किनाऱ्याला लागला. तिथे तापाने फणफणला, तर कप्तानाने त्याला खुशाल उतरवून दिलं. तिथल्या लोकांनी त्याला घरात घेतलं आणि सुके मासे खाऊ घालून हिवाळाभर जगवलं.

"सायेब त्यांना चिलकट बोलं," तात्या सांगे. "त्यो तर त्यांचे जागेचा नाव, म्हावरा साठवाचे जागेचा! सायबानी त्योच मानसांना लावला. माजा नाय जॅक केला? तसाच."

त्या घरच्या म्हाताऱ्याने मेलेल्या भावाच्या नावाने जेवण घातलं. विणायला वर्ष लागलेली लोकरी शाल कापून त्याने पाहुण्यांना वाटली. धाकूलाही एक पट्टी मिळाली, पिवळी-काळी, तिच्यावर वटारलेला डोळा. आपल्याला नेसायला दिली असं समजून या पठ्ठ्याने ती भर पंगतीत आम्ही कोळी नेसतो त्या रुमालासारखी कमरेला गुंडाळली! सगळे पोट धरून हसले. मग म्हाताऱ्याने खुणांनी समजावलं, की गेलेल्याची आठवण ज्याने त्याने थोडी थोडी घरी न्यायची असते.

इकडे तीन वर्षं खबर नाही म्हणून दीर बायजाच्या, तात्याच्या बायकोच्या, मागे लागला होता की चुडा फोड. आमच्यात उजव्या हातातल्या बांगड्या, नवऱ्याला सांभाळ म्हणून, लग्नातच दर्याला देतात. डाव्या हातातल्या तिने हट्टाने राखल्या. आणि नवरा आला तो चिंधी घेऊन!

"कंचे बायेची हाय?" ती कडाडली. तात्याने खंडोबाची शपथ घेतली, तरी पट्टी उंबऱ्याच्या आत आली नाही. ती जन्मभर पडवीत लटकली. गाव हसलं तर तात्या खुशाल हसू द्यायचा, पण बायजाला पटत नाही म्हणून मात्र तो खरोखर झुरायचा.

तात्या गेला. त्याच्या बाराव्याला सगळे जेवून उठताना बायजाने पडवीतली पट्टी काढली, कोयतीने कापली आणि एकेकाच्या हातावर तुकडा ठेवत गेली. "धाकूची आठवन हाय. घरा न्या."

डोळ्याचा तुकडा तिने कुणाला दिला नाही. डाव्या हाताच्या मोकळ्या मनगटाला तो तिने स्वतःच बांधला.