दारूविना ठासलेली गोळी

मी पिस्तुलात दारू घालायला विसरलो आणि गोळी तेवढी व्यवस्थित ठासून बसवली.

दारू म्हणजे बंदुकीची. ती समोरच्या लाकडी टेबलावर, मापून, बोटभर कुपीत भरून ठेवलेली होती आणि तिथेच राहिली. बरं, ही चूक एकांतात झाली असती तर मी कशाला कुणाला सांगायला आलो असतो? ती झाली सासऱ्यांसमोर. आणि आमच्या सासऱ्यांनी एकतीस वर्षं सरकारी दारूगोळा कारखान्यात दारू भरण्याचंच काम केलेलं आहे.

पहिल्यापासून सांगतो.

आम्ही जॉर्जियातल्या अल्फारेटाला राहतो. मेघनाचे वडील, म्हणजे अण्णा, विदर्भातून सहा महिन्यांसाठी आले होते. आम्ही त्यांना मत्स्यालय दाखवलं, मंदिर दाखवलं, एवढाले मॉल दाखवले. प्रत्येक ठिकाणी त्यांचा एकच शेरा : "छान आहे." पाचव्या महिन्यात एकदा वरणभात खाताना ते आपणहून म्हणाले, "एकतीस वर्षं भरली. उडताना एकदाही पाहिली नाही."

"म्हणजे?" मी विचारलं.

"भरणारे वेगळे, उडवणारे वेगळे. मधे भिंत. आवाज यायचा, तेवढाच."

मग त्यांनी ताकभात कालवला. पण मेघनानं माझ्याकडे पाहिलं आणि मला काम लागलं.

इथे व्हिसावाल्या माणसानं साधं पिस्तूल हातात घ्यायचं म्हटलं तर कायद्याच्या नाना भानगडी. पण शोधताना डोंगराकडचा एक क्लब सापडला. तिथे जुन्या चालीची, तोंडाकडून ठासायची पिस्तुलं आणि काळी दारू, म्हणजे ते ज्याला ब्लॅक पावडर म्हणतात ती, एवढंच चालतं. कोकणात ठासणीची बंदूक असते, तिचंच हे धाकटं भावंड. कायद्याच्या लेखी ही असली ठासणीची पिस्तुलं बंदुकांत मोडतच नाहीत, त्यामुळे पाहुण्यांनाही चालतं, असं क्लबच्या बाईंनी फोनवर सांगितलं. नवशिक्यांचा दिवस महिन्यातून एकच, शनिवारी. अण्णांचं परतीचं विमान त्यानंतरच्या मंगळवारी. म्हणजे हाच शनिवार.

निघताना मेघनानं दशम्यांचा डबा हातात दिला आणि म्हणाली, "अण्णांना एक बार उडवू दे. तू मधे मधे करू नकोस."

मी कधी मधे मधे करतो?

चारशे नंबरच्या रस्त्यानं उत्तरेकडे निघालं की अर्ध्या तासात दुकानांच्या रांगा संपतात आणि पाइनची झाडं सुरू होतात. पुढे निळसर डोंगर दिसायला लागतात, एकामागे एक. रस्त्याकडेला एका पिकअप ट्रकच्या मागे मोठं पातेलं उकळत होतं आणि पुठ्ठ्यावर लिहिलं होतं, बॉइल्ड पीनट्स (मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा). अण्णांनी सहा महिन्यांत पहिल्यांदाच स्वतः गाडी थांबवायला सांगितली. एक शेंग दातानं फोडली, पाणी चोखलं, दाणा खाल्ला.

"मीठ बरोबर आहे," ते म्हणाले. 'छान आहे'च्या वर त्यांची ही पायरी आहे हे मला तेव्हा कळलं.

नकाशानं आम्हाला क्लबऐवजी एका छोट्या पांढऱ्या चर्चच्या अंगणात नेऊन सोडलं. एक बाई पायऱ्यांवर फुलांच्या कमानीशी झटत होत्या. मी काच खाली केली.

"बंदूकवाले ना? पुढचं वळण," त्या म्हणाल्या. "आणि डॉटीला आठवण करा, आज लग्न आहे. साडेबारानंतर एकही आवाज नको."

डॉटी म्हणजे फोनवरच्याच बाई. सत्तरीच्या, शाळेची बस चालवून निवृत्त झालेल्या, अंगावर कातडी बंडी आणि पायात चक्क रबरी चपला. त्या एकेक शब्द पाकात घोळवून बोलतात आणि सगळ्यांना 'हनी' म्हणतात, त्यामुळे रागावल्यात की लाडात आहेत ते पटकन कळत नाही.

"साडेबाराचं माहीत आहे, हनी," त्या म्हणाल्या. "नवरी माझी भाची आहे."

आधी दीड तास नुसते नियम. पिस्तुलाची नळी नेहमी समोर. सांगितल्याशिवाय पिस्तुलाला ठिणगीची टोपी बसवायची नाही. आणि तिसरा नियम : भरणाऱ्यानं बोलायचं नाही, आणि भरणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. हा तिसरा मी अण्णांना मुद्दाम मराठीत फोड करून सांगितला. त्यांनी मान डोलावली. मग घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, खिशातली नाणी, किल्ली, पेनसुद्धा काढून दिलं, आणि टेबलाच्या पायाजवळच्या जमिनीला तळवा टेकवला.

"हे काय करताहेत?" डॉटींनी विचारलं.

"सवय," अण्णा म्हणाले. कारखान्यात दारूच्या शेडमध्ये शिरायच्या आधी दारापाशी तांब्याची पट्टी असायची. तिला हात लावायचा, अंगातली वीज उतरवायची, मग आत. मी ते इंग्रजीत सांगितलं. डॉटींनी अण्णांना वरपासून खालपर्यंत नीट पाहून घेतलं आणि त्यानंतर दिवसभर त्यांना 'सर' म्हटलं. मी 'हनी'च राहिलो.

आमची पाळी आली तेव्हा पावणेबारा वाजले होते. दोघांत मिळून क्लबचं एक पिस्तूल. अण्णा म्हणाले, "आधी तुम्ही, जावईबापू. मी पाहतो."

तर भरायची रीत अशी. कुपीतली मापलेली दारू पिस्तुलाच्या नळीत ओतायची. तोंडावर तेलमेणात भिजवलेली कापडाची चकती ठेवायची, तिच्यावर शिशाची गोळी, ती आखूड दांडीनं आत ढकलायची आणि मग लांब गजानं तळापर्यंत ठासायची. शेवटी मागच्या बाजूला तांब्याची इवलीशी टोपी. दिवाळीतल्या टिकलीचीच शहाणी बहीण. चाप ओढला की घोडा टोपीवर पडतो आणि ठिणगी आत जाते. पाच कामं. चार वर्षांच्या पोराला जमावीत.

मी चकती उचलली आणि मला वाटलं, अण्णांना जरा माहिती द्यावी.

"अण्णा, ही काळी दारू म्हणजे काय, तर सोरा, गंधक आणि कोळसा."

"हो का," अण्णा म्हणाले.

"सोरा सगळ्यात जास्त असतो, बरं का."

"असं?"

त्यांच्या चेहऱ्यावरचे भाव मी कुतूहलाचे समजलो. मग ओलाव्यानं दारू कशी बिघडते तेही सांगितलं. तेवढ्यात चकती बसली, गोळी बसली, गज आत गेला. गजावर एक खूण असते, सगळं नीट भरलं की ती नळीच्या तोंडाशी येते. माझी खूण आतच बुडाली. मला वाटलं, आपण जोर चांगला लावला.

डॉटी म्हणाल्या, "टोपी." मी टोपी बसवली, दोन्ही हातांनी पिस्तूल धरलं, डोळा बारीक केला, चाप ओढला.

टक्.

"हलू नकोस, हनी. नळी समोर." मिनिटभर मी तसाच उभा. कधी कधी बार उशिरा उडतो म्हणून थांबायचं असतं. दुसरी टोपी. टक्. पुन्हा मिनिट. मग डॉटींची नजर टेबलावर गेली. तिथे ती बोटभर कुपी, भरलेली, झाकण लावलेली.

शेजारच्या टेबलावरचे दोन दाढीवाले म्हातारे आनंदानं उठले आणि आतून एक बैलाचं शिंग घेऊन आले. पूर्वी लोक असल्या शिंगात दारू ठेवत. याला तळच नव्हता, आरपार पोकळ. ते त्यांनी माझ्या गळ्यात घातलं. क्लबची रीतच आहे ती, दारू विसरणाऱ्यानं दिवसभर ते घालून हिंडायचं. डॉटी म्हणाल्या, त्यांनी स्वतः तीनदा घातलंय. मला फारसं बरं वाटलं नाही.

मी अण्णांकडे वळलो. "अण्णा, तुम्हाला दिसलं होतं?"

"दिसलं."

"मग सांगितलं का नाही?"

"भरणाऱ्याशी बोलायचं नाही म्हणे. तुम्हीच तं सांगितलं."

हसण्यासारखं होतं, पण घड्याळ अण्णांचं माझ्याच खिशात होतं आणि त्यात बारा वाजत आले होते. गोळी तळाशी घट्ट, मागे दारूचा कण नाही. ती हवेच्या दाबानं बाहेर ढकलायचं यंत्र क्लबकडे होतं, पण त्याची हवा गेल्या महिन्यातच संपलेली. गजाला मळसूत्र लावून गोळी खेचायचा प्रयत्न केला. मळसूत्रानं शिसं कोरलं, गोळी जागची हलेना. बारा वाजून दहा.

डॉटींनी स्वतःचं पिस्तूल पुढे केलं. "सर, हे घ्या. वेळ जाईल."

अण्णांनी हात जोडून नको म्हटलं. मला म्हणाले, "अडकलेलं तसंच टाकून दुसऱ्याला हात लावत नसतात. नंतर कुणाच्या तरी हातात फुटते ते." मग म्हणाले, "तिला विचारा, मागून दारू जाते का?"

जाते. टोपी जिच्यावर बसते ती बारकी तोटी पान्यानं काढायची आणि त्या भोकातून कणाकणानं बारीक दारू आत सोडायची. भोक मोहरीएवढं. डॉटींची बोटं संधिवातानं वाकलेली. माझी बोटं सरळ, पण शिंगवाल्याच्या हाती कुणी दारू देईना.

अण्णांनी पुन्हा जमिनीला तळवा टेकवला. मग कागदाची घडी करून तिच्यावर चिमूटभर दारू घेतली आणि बोटानं टिचक्या मारत आत सोडायला लागले. पाच टिचक्या, थांबायचं, पिस्तूल हळूच हलवायचं, पुन्हा पाच. एक कणही बाहेर नाही. कुणी बोलत नव्हतं. मीसुद्धा. चर्चकडून बाजाच्या पेटीचा सराव ऐकू येत होता.

डॉटींनी तोटी परत बसवली, गज घालून गोळी तळाशीच आहे हे पाहिलं, टोपी लावली आणि पिस्तूल माझ्या हातात दिलं. "तू अडकवलीस, तूच काढ."

फुस्स. गोळी वीसेक पावलांवर गवतात जाऊन पडली. म्हाताऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या नेमबाजीचा हा एकूण इतिहास.

बारा वाजून वीस. नळी पुसली. अण्णांनी स्वतः भरलं. दारू ओतली, रिकामी कुपी उलटी करून डॉटींना दाखवली, तेव्हाच चकती उचलली. गजाची खूण नळीच्या तोंडाशी बरोबर आली. टोपी. त्यांनी पाय रोवले आणि चाप ओढला.

धाडकन आवाज झाला आणि अण्णा दिसेनासे झाले. एवढा धूर! पांढरा, जाड, गंधकाचा वास मारणारा. वारा नव्हता, त्यामुळे तो तिथेच उभा राहिला आणि त्यात अण्णाही. धूर विरला तरी ते हलले नाहीत. लक्ष्याच्या कागदाला कोपऱ्यात भोक पडलं होतं. मी ओरडून सांगितलं, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. धूर वर जाताना पाहत होते.

"पांढरा आहे," ते म्हणाले. "दारू कोरडी होती."

मग नाक ओढलं. "शेडमध्ये याच्या अर्धाच वास यायचा. बाकीचा हा भिंतीपलीकडे जायचा."

डॉटींनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि हातांची फुली केली. बंद. माझी दुसरी पाळी राहिली ती राहिलीच. साबणाच्या कढत पाण्यात पिस्तूल मात्र मी धुतलं, कारण शिंगवाल्यानं धुवायचं अशीही रीत निघाली. दशम्या दाढीवाल्यांनी संपवल्या. निघताना डॉटींनी अण्णांशी हात मिळवला आणि माझ्या गळ्यातलं शिंग काढून घेतलं.

परतताना अण्णांनी हात धुतले नव्हते. काळी बोटं मांडीवर तशीच ठेवून बसले होते, मधूनच नाकाशी नेत होते. मला वाटलं, माणसाला सहा महिने देश दाखवायचा तर नुसतं दाखवून भागत नाही. त्याचं काय भिंतीपलीकडे राहिलंय ते आधी विचारावं. मी हे मोठ्यानं बोलणारही होतो. पण त्या दिवशी बोलणं मला फारसं लाभलं नव्हतं, म्हणून गप्प गाडी चालवली.

मेघना दारातच उभी होती. अण्णांची बोटं पाहिली आणि तिला सगळं कळलं. मग माझ्याकडे बोट करून तिनं विचारलं, "आणि यांचं काय? शिकले का काही?"

अण्णा चपला काढत होते.

"आमच्या कारखान्यात असते तं शेडमध्ये पाय नसता ठेवू दिला. कँटीनला लावलं असतं," ते म्हणाले. "तेही वाढायला. मीठ टाकायचं काम नसतं दिलं."