शिंकेआधी भिंत धरणाऱ्या अक्का

शिंक येणार असं वाटलं की आमच्या अक्का हातातलं काम टाकून आधी भिंत धरायच्या, पाय एकमेकांवर आवळायच्या आणि मगच शिंकायच्या. अक्का म्हणजे माझ्या मोठ्या जाऊबाई. निफाडजवळ आमची द्राक्षबाग, एकच चूल. मी पोरांना त्यांची नक्कल करून दाखवायची, पोरं लोळून हसायची. अक्काही हसायच्या, पण हसतानासुद्धा पाय आवळून. त्या नकलेची लाज मला आता वाटते.

वणीला, देवीच्या गडावर जायचं ठरलं की नेमकं त्यांचं डोकं दुखायचं. "तुम्ही या जाऊन. देवी काय पळून जात नाय," म्हणायच्या. एसटीत दोन तास बसायचं त्यांना भय होतं, हे आम्हाला कुठलं कळायला! कधी कधी त्यांच्या अंगाला वास यायचा. मी त्यांची गोधडी वेगळी काढून ठेवली. दुसऱ्या दिवसापासून अक्का ती स्वतःच धुऊन, सगळ्यांच्या आधी वाळत घालू लागल्या.

या सगळ्याच्या आधी, माझं पहिलं बाळंतपण आणि त्यांचं चौथं एकाच महिन्यात झालं, ऐन तोडणीच्या हंगामात. मला माहेर उरलं नव्हतं. अक्कांचं मूल चांगलंच वजनदार होतं, कळा दीड दिवस चालल्या होत्या, त्यात चुलीच्या धुराचा जुना खोकला. मजूर मिळेनात, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, एकीला तरी उठावं लागेल. अक्कांना बारा दिवस झाले होते.

"तू पड गं. तुझं पहिलं हाय. माझं अंग सरावलंय," म्हणत त्यांनी पोटाला लुगडं आवळलं.

खिडकीतून मला त्या दिसायच्या. भरलेला क्रेट उचलताना त्यांनी एकदा ओटीपोट धरलं. 'थांबा, मी येते' असं मी म्हणाले नाही. मी कूस बदलली. माझा सव्वा महिना पुरा झाला.

दोन वर्षांपूर्वी मोरीकडे घाईने जाताना त्या घसरल्या, खुबा मोडला, आणि पुन्हा उठल्या नाहीत. पडल्या पडल्या शिंक आली की हात चाचपडायचा. "भिंत कुठं हाय गं?" त्या जाईपर्यंत मी माझा हात द्यायची. तेवढ्याने त्यांचं भागायचं.

गेल्या वर्षी माझी लेक बाळंत झाली. नाशिकला, द्वारका चौकाजवळच्या दवाखान्यात डॉक्टरबाई तिला समजावत होत्या, "पुष्कळ बाळंतपणं, जड बाळ, लांबलेल्या कळा, सततचा खोकला, लगेच उचललेलं ओझं, यांनी खालचे स्नायू सैल पडू शकतात. लघवी सुटली तर लपवायचं नाही. व्यायामाने पुष्कळ जणींना आराम पडतो."

मी विचारलं, "एखादी बाळंतपणानंतर पंचवीस वर्षांनी आली असती तर?"

"तरी काहीतरी करता आलं असतं, मावशी."

मला अजूनही शिंक येते. उभी असते तिथेच शिंकते, काही होत नाही. आणि दर वेळी मागे कुणीतरी भिंत धरल्यासारखं वाटतं.