नंदूशेठचं मिक्सिंग

नंदूशेठ लग्नाच्या मांडवात शिरला की आधी काळा चष्मा डोळ्यांवर चढवायचा आणि मगच कॅमेरा हातात घ्यायचा. चष्म्यातून त्याला सगळं अंधारं दिसायचं, म्हणून तो कॅमेऱ्याचा उजेड वाढवत न्यायचा. सीडी घरी आली की नवरानवरी पिठात लोळून आल्यासारखी पांढरीफटक. गंमत म्हणजे लोक खूश व्हायचे. नंदूशेठच्या कॅमेऱ्यात पोरगी कशी गोरी येते, असं बायका एकमेकींना सांगायच्या. अडाणीपणाला इतकी बरकत आलेली मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही.

पनवेलच्या एसटी स्टँडमागच्या गल्लीत त्याचा गाळा होता. पाटीवर ‘डिजिटल’ हा शब्द तीन वेळा. दोन हजार सालानंतरची ती पहिली वर्षं. आसपासच्या गावांत जुनी घरं पाडून स्लॅबची घरं उभी राहत होती आणि व्हिडिओशिवाय लग्न म्हणजे कमीपणा वाटायला लागला होता. लोक आधी नंदूशेठची तारीख घ्यायचे, मग मुहूर्त पक्का करायचे. मी कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरीला. कुठली वायर कुठे लावायची हे मला कळतं, असा माझा समज होता आणि त्याचा थोडा ताठाही होता. ज्याला यातलं काहीच कळत नाही त्याला गावोगाव मान मिळतो, हे बघून माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला सांगू?

‘मिक्सिंग’ हा त्याचा खास प्रांत. कॅसेटवरचा मूळ आवाज तो सरसकट काढून टाकायचा आणि वर सिनेमाची गाणी चढवायचा. पनवेलचं जोडपं बर्फाच्या डोंगरावर उभं, वरमाय कमळाच्या पाकळ्यांत बसलेली, नवरदेवाचा मामा गुलाबातून उगवतोय. पडद्यावर नवऱ्यामुलाचं नाव एकदा आणि नंदूशेठचं सहा वेळा. मी एकदा विचारलं, मंगलाष्टकं, माणसांचं बोलणं, हसणं-रडणं हे सगळं गेलं कुठे? त्याने माझ्याकडे दयेने पाहिलं.

“सर, ते रॉ असतं. रॉ म्हंजे कच्चा माल. कच्चं कोन खातं?”

हे त्याचं ठरलेलं वाक्य. दुसरं म्हणजे, “आवाज काय, सगल्यांचा सारकाच. पब्लिकला गाना पायजे.” आणि सीडी हातात देताना, “एकदम कंपनी क्वालिटी हाय.” कुठली कंपनी हे त्याला कोणी कधी विचारलं नाही.

माझ्या धाकट्या भावाच्या लग्नाला तोच होता. भावाचा हट्ट. आमच्या आगरी लग्नात भटजी येण्याच्या कितीतरी आधी धवलारीण लागते. मांडव घालण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं असतं, त्याला धवळे म्हणतात, आणि ते धवलारणीनेच म्हणायचे असतात. आमच्या गावची धवलारीण म्हणजे माझी आई. अक्षरओळख नाही, पण शेकडो ओळी तोंडपाठ. मी वही घेऊन बसलो की ती गप्प व्हायची. कागदावर उतरवलं की ते आपल्या तोंडातून जाईल, असं तिला वाटायचं. नंतर तिने कोणाला शिकवलंही नाही, कारण शिकायला कोणी बसलंच नाही. त्यात मीही आलो.

भावाच्या हळदीला ती मांडवात तांदळाने भरलेल्या चौकाजवळ बसून मन लावून म्हणाली. पंधरा दिवसांनी सीडी आली. आई पडद्यावर दिसली, एका मोठ्या बदामाच्या आकारात. तिचे ओठ हलत होते आणि आवाज येत होता कुठल्या तरी सिनेमातल्या नायिकेचा. तोंडाच्या जागी नुसते चौकोन हलताना दिसावेत इतकं चित्र खराब. आई पदर तोंडाला लावून हसली आणि म्हणाली, “मी कवा असं बोल्ली?” घरातले सगळे हसले. मी उठून बाहेर गेलो. मनात नंदूशेठला ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

पुढे दोन वर्षांनी आई गेली. तिच्या दिवसांतच माझ्या लक्षात आलं की तिचा आवाज कुठेच नाही. घरात टेपरेकॉर्डर होता, लॅबमध्ये चार प्रकारचे माइक होते, आणि या दोन वर्षांत मी तिच्यासमोर एकदाही बसलो नव्हतो. नंदूशेठला नावं ठेवण्यात माझा वेळ बरा गेला होता. आता आईचा आवाज जगात असलाच तर त्याच्याकडच्या मूळ कॅसेटवर, दुसरीकडे नाही. तेरावं झालं आणि मी त्याच्या गाळ्यावर गेलो.

त्याने कपाळाला हात लावला. कॅसेट म्हणे कोणी जपून ठेवतं का, पुसायची आणि परत भरायची. मग त्याने माळ्यावरून एक सिमेंटची गोणी खाली ओढली. तिच्यात दीड-दोनशे छोट्या कॅसेटी, बटाटे भरावेत तशा भरलेल्या. काहींवर बुरशीचे ठिपके. प्रत्येकीवर एकावर एक चिकटवलेली तीन-चार लेबलं. मी लेबलं खरवडत भावाचं नाव शोधतोय आणि हा शेजारी बसून वडापाव खातोय. दोन तासांनी एका लेबलाखाली ते सापडलं. वरच्या लेबलावर लिहिलं होतं, कामोठे, वास्तुशांत.

म्हणजे हळदीवर वास्तुशांत भरली होती. किती भरली, ते त्याला आठवत नव्हतं. त्याने कॅमेऱ्यात कॅसेट टाकली आणि पळवत पुढे नेली. चाळीस मिनिटांपर्यंत सत्यनारायण. त्यापुढे हळद. एक तासाच्या कॅसेटमधली वीस मिनिटं वाचली होती, तीही कामोठेकरांचा गुरुजी लवकर आटोपणारा निघाला म्हणून. नंदूशेठ खुशीत म्हणाला, उद्या सीडी मारून देतो, आईच्या फोटोभोवती फुलं फिरवतो. मी कॅसेट त्याच्या हातातून काढून घेतली.

तो कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर चित्र आणायचा ते पिवळ्या-लाल-पांढऱ्या वायरने, आणि मग दाबून दाबून सीडीत कोंबायचा. चित्राचा निम्मा जीव वायरीत जायचा, उरलेला सीडीत. त्याच्याच कॅमेऱ्याच्या बुडाशी एक रबरी झाकण होतं. त्याखाली फायरवायरचं भोक. तिथून घेतलं तर कॅसेटवर आहे तसंच्या तसं, एक ठिपकाही न गमावता कॉम्प्युटरवर उतरतं. चार वर्षांत त्याने ते झाकण उघडलं नव्हतं. मी नखाने उघडलं तेव्हा आत हळदीचीच पिवळी धूळ बसलेली होती. कॅमेऱ्याचं माहितीपुस्तक कुठे आहे म्हणून विचारलं, तर ते टेबलाच्या हलणाऱ्या पायाखाली होतं.

मुंबईहून वायर आणली, माझ्या घरच्या कॉम्प्युटरला कार्ड बसवलं, डिस्कवर जागा केली. कॅसेट आठ दिवस तांदळाच्या डब्यात ठेवून कोरडी केली. रविवारी सकाळी नंदूशेठ कॅमेरा घेऊन आला. कॅमेरा दुसऱ्याच्या हाती द्यायला तो तयार नव्हता. वीस मिनिटांच्या चित्राला वीस मिनिटंच लागणार आणि तोवर कॉम्प्युटरला हात लावायचा नाही, हे ऐकून तो तुच्छतेने हसला. एवढा टायम घेतो तर कॉम्प्युटर कशाला घेतला, असं त्याने माझ्या बायकोला विचारलं. फाइल चार जीबीच्या वर जाणार म्हटल्यावर तर त्याने माझा नादच सोडला आणि पोहे मागवले.

प्रसादाच्या द्रोणावर चित्र तुटलं, चौकोन उडाले आणि अर्ध्या शब्दापासून आई सुरू झाली. स्वच्छ. हातावरच्या बांगड्यासुद्धा ऐकू येत होत्या. काळ्या चष्म्याच्या कृपेने ती पांढरीफटक होती, पण आवाजाला चष्मा लागत नाही.

पाच-सहा मिनिटं गेली आणि मागून बँजो पार्टी सुरू झाली. दणदणाटात आईचा शब्द बुडाला. ती थांबली, इकडेतिकडे बघायला लागली. ती आता उठून जाणार हे मला दिसत होतं, कारण ती तशीच होती, कोणाशी भांडायची नाही. तेवढ्यात कॅमेऱ्याच्या अगदी जवळून एक खेकसणारा आवाज आला.

“ए, बंद करा रं ते. मावशी बोलतेय.” आणि मग हळू, “मावशी, तू थांबू नको. आमी ऐकतो.”

बँजो थांबला. आईने पदर सावरला आणि राहिलेली चौदा मिनिटं एका दमात म्हणाली.

मी नंदूशेठकडे पाहिलं. तो पोहे खात होता. हा कोण मध्येच बोलतोय, असं त्याने विचारलं. तुम्हीच, असं मी म्हटलं. त्याने बशी खाली ठेवली आणि तोंड वाकडं केलं. “कापा तेवढं. डिस्टर्ब हाय.”

खरं सांगतो, मलाही कापायचंच होतं. माझ्या आईच्या धवळ्यांत त्याचा आवाज मला नको होता. ज्या माणसाने ते गाणं म्हणवून घेतलं त्यानेच नंतर ते पुसलं, हे कुठे ठेवायचं मला कळेना, आणि त्याचे उपकार मानणं माझ्या जिवावर आलं होतं. पण त्याचं बोलणं संपायच्या आतच आईने पुढचा शब्द उचलला होता. तो वाचवायचा तर याला ठेवणं भाग होतं. ठेवला. त्याला धन्यवादही दिले नाहीत.

पुढे मोबाइल आले, गल्लीगल्लीत त्याच्यासारखे झाले. नंदूशेठ तरीही मिक्सिंग करत राहिला. आठेक वर्षांनी एका हळदीत शूटिंग करतानाच छातीत कळ येऊन तो गेला. मी मातीला गेलो होतो. तिथेही दोघे-तिघे त्याच्या क्वालिटीचं कौतुक करत होते. मी गप्प राहिलो, यापलीकडे माझं मोठेपण नाही.

महिन्याभराने त्याची बायको मंदावहिनी दारात उभी राहिली. हातात पिशवी, पिशवीत सीड्या. पोरीच्या लग्नाची, घरभरणीची, नातवाच्या बारशाची. सगळ्या तिने लावून पाहिल्या होत्या. तो कुठे दिसत नव्हता, कारण कॅमेरा त्याच्याच हातात. आणि कुठे ऐकूही येत नव्हता. स्वतःच्या पोरीची पाठवणीसुद्धा त्याने सोडली नव्हती, तिथेही गाणं चढवलं होतं. कॅसेटी त्याने केव्हाच भंगारात दिल्या होत्या.

“यांचा आवाज कुठंच नाय,” ती म्हणाली. “ते सांगायचे, सर कच्चा माल सांभालून ठेवतात. हसायचे तुमाला.”

मी तिला आत बसवलं आणि फाइल लावली. आई म्हणायला लागली, बँजो वाजला, आई थांबली. मंदावहिनी पडद्याकडे न बघता स्पीकरकडे बघत होती. तो खेकसला. तिने दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग “आमी ऐकतो” आलं. असं हळू तो फक्त घरात बोलायचा, असं ती म्हणाली. मला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. मी पुन्हा लावलं. चार वेळा लावलं.

शेवटी ती डोळे पुसून म्हणाली, “यावर गाना नाय टाकला?”

“नाही वहिनी. हे कच्चंच आहे.”

“कच्चंच द्या.”

मी तिला सगळी वीस मिनिटं दिली, आईसकट.