'आलो'चं 'आले'

आमची आई हुपरीत पैंजणांना घुंगरू जोडते. कोल्हापूरच्या एका महिला संस्थेनं वेबसाईटवर कामकरी बायकांच्या आठवणी घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिनंही दोन पानं लिहून दिली. 'मी उठलो, न्हालो, कामाला बसलो.' आमच्याकडच्या बायका असंच बोलतात.

ती वेबसाईट राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसकडं, म्हणजे माझ्याच गळ्यात होती. पानं चढली आणि अध्यक्षबाईंचा फोन आला. "ह्या बायका स्वतःला पुरुष समजतात का हो? पुण्या-मुंबईचे लोक वाचणार. शुद्ध करून घ्या."

एवढ्या नोंदी हातानं कोण दुरुस्त करत बसणार? मी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे एक छोटासा प्रोग्रॅम. साठवलेला मजकूर आहे तसाच राहतो. कुणी पान उघडलं की सर्व्हरवरून निघता निघता त्यातले शब्द बदलतात. 'आलो'चं 'आले', 'येतो'चं 'येते', 'हाय'चं 'आहे'. वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

अर्ध्या तासात काम झालं. होणारच. पुण्याच्या होस्टेलवर पहिल्या दिवशी मी "मी आलो" म्हणाले आणि अख्खी खोली हसली होती. त्या आठवड्यात हीच यादी मी घोकून पाठ केली होती. तेव्हापासून बाहेर 'आले' आणि एसटी हुपरीत शिरली की 'आलो'.

रविवारी मोठ्या तोऱ्यात आईला मोबाईलवर तिचं पान दाखवलं. चष्मा लावून ती एकेक ओळ वाचत गेली.

"ही कोण बाई गं?"

"तूच की."

"मी न्हवं. मी कवा म्हटलो, 'मी बसले'?"

पुढं तिचं बोट थांबलं. तिच्या लिखाणात माझ्या वडलांचं एकच वाक्य होतं. ते जाऊन बरीच वर्षं झाली. कामावरून उठताना ते तिला म्हणायचे, 'मी दमलो, आता तू बस.' बोलतंय कोण, हे स्क्रिप्टला काय कळणार? स्क्रिप्टनं त्याचंही 'दमले' केलं होतं.

"तुझ्या बाला पण बाई केलीस की गं!"

मला हसू फुटलं. ती हसली नाही. "माझं हुतं तसं लाव," म्हणाली.

"अगं, तुझ्या मजकुराला मी हातसुद्धा लावलेला नाही. आत तसाच आहे."

"आत कुठं? लोकास्नी दिसतंय का?"



सोमवारी अध्यक्षबाईंना विचारलं. "एकीला सूट दिली की सगळ्या मागतील," त्या म्हणाल्या. आमच्या सरांनी मान वर न करता सांगितलं, "गिऱ्हाईक म्हणेल तसं." भयंकर राग आला. पण काढायचा कुणावर? स्क्रिप्ट माझीच होती. वडलांचं 'दमलो' तेवढं मी परत बसवलं, कारण ते अध्यक्षबाईंच्या व्याकरणात बसत होतं. आईचं बसत नव्हतं. नोकरी सोडण्याची हिंमत माझ्यात नाही, हे त्या दिवशी स्वच्छ कळलं.

नंतर आईनं तो विषयच काढला नाही. विसरली असेल, असं मी सोयीनं धरून चालले. मग एका संध्याकाळी तिचा फोन आला.

"मी जेवले. तू जेवलीस का?"

"आई, असं काय बोलतीस?"

"शिकाय नको व्हय?" ती शांतपणे म्हणाली. "तुला लाज वाटली, म्हणून तर बदललीस न्हवं?"

नाही म्हणणार होते, पण होस्टेलची ती खोली आठवली. सर्व्हरवरची स्क्रिप्ट बंद करणं माझ्या हातात नव्हतं, पण ते एका ओळीचं काम तरी होतं. इथं कुठली ओळ खोडायची?

"आई, मी उद्या येतो," मी मुद्दाम म्हणाले.

"येते म्हण," ती म्हणाली.