टोपमावशींचं गिऱ्हाईक

पडदा वर जातो. रेल्वे जंक्शनची वेटिंग रूम. दोन लांब बाकं, कोपऱ्यात ठिबकणारा नळ, खिडकीतून आत घुसलेलं दुपारचं ऊन. पुढचा पूल खचल्यामुळे गाडी उद्याच सुटणार, म्हणून बाकीचे प्रवासी शिव्या घालत गावात खोल्या शोधायला गेलेले. रंगमंचावर पात्रं उरली आहेत दोनच.

बाकावर बसलेली बाई चौतिशीची. मांडीवर पत्र्याची पेटी, आणि ती अशी घट्ट धरलेली की बघणाऱ्याला वाटावं, आत दागिने आहेत. आत होते केस. नाटकवाल्यांना लागणारे केसांचे टोप बनवणं हा तिच्या वडिलांचा धंदा. वडील गेल्यावर गल्ला धाकट्या भावाकडे गेला आणि सुई-आकडा हिच्याकडे. नट मंडळी तिला टोपमावशी म्हणत, तेसुद्धा ऐन पंचविशीपासून. राजा असो की चोर, सगळ्यांची डोकी तिच्या हाताखालून गेलेली.

समोरच्या बाकावरचा गृहस्थ शिवणयंत्रं विकत गावोगाव हिंडणारा, चाळिशीला टेकलेला, बोलघेवडा. त्याच्या डोक्यावर पालथी वाटी ठेवावी तसा एक टोप होता. मावशींना तो दारातूनच दिसला होता. पण समोरच्याने स्वतः बोलल्याशिवाय टोपाचा विषय काढायचा नाही, हा त्यांच्या घराचा नियम.

शेवटी तोच म्हणाला, "मघापासून तुम्ही फारच शिस्तीत माझ्या नाकाकडे बघताय. म्हणजे कळलंय तुम्हाला."

मावशींना हसू आवरेना. "कुठून घेतलात हो?"

"पोस्टाने मागवला."

"मग पोस्टानेच परत धाडा."

तोही मनापासून हसला. मग जरा ओशाळून म्हणाला, "परवा एका घरी लग्नाची बोलणी आहेत. बहिणीने जमवलंय. हे असलं घालून जाऊ?"

"काढा," मावशी म्हणाल्या. "बघू दे."

त्याने दार लोटलं, पाठमोरा उभा राहिला, आणि बऱ्याच वेळाने टोप हातात घेऊन वळला. "सख्ख्या बहिणीसमोरही काढलेला नाही कधी," तो म्हणाला. त्याच्या टाळूला ऊन माहीतच नव्हतं, इतकी ती पांढरीफटक होती. मावशींनी माप घ्यायला हात ठेवला. हजारो डोकी हाताळलेला तो हात त्या दिवशी पहिल्यांदा माप संपल्यावरही तिथेच रेंगाळला.

पेटी उघडली. संध्याकाळभर त्यांनी टोपाची पुढची ओळ उसवली आणि सकाळी उजाडताच आकड्याने एकेक केस जाळीत ओवून ती नव्याने बांधायला घेतली. तो शेजारी बसून बटा हातात देत होता. मावशींचे हात अडकलेले, म्हणून संत्र्याच्या फोडी सोलून त्यांच्या तोंडात घालत होता. आजवर त्यांना कुणी असं भरवलं नव्हतं. भरवायची वेळ नेहमी त्यांच्यावरच यायची.

टोप चढवल्यावर त्याने खिडकीच्या काचेत स्वतःला बघितलं. दहा वर्षं गळून पडली होती. मग तो मावशींकडे वळला.

"ते स्थळ आता नको. जातो, तोंडावर नाही म्हणून सांगतो, आणि महिन्याभरात तुमच्या दुकानात हजर."

"नक्की?"

"तुम्ही माझं डोकं बघितलंय. आता दुसऱ्या कुणासमोर उभा राहू?"

त्याने मावशींची बोटं ओठांना लावली. गाडी सुटली, आणि त्याचं स्टेशन आधी आलं. फलाटावर सोसाट्याचा वारा होता. त्याने दोनदा वळून हात हलवला, आणि त्याचा एकही केस जागचा हलला नाही.

महिना गेला, वर्ष गेलं. नाटकघरात दिवे लावणारा एक विधुर मावशींना मागणी घालून बसला होता. "थोडं थांबा," असं सांगून मावशींनी त्याला झुलवत ठेवलं. शेवटी त्याने दुसरीकडे संसार थाटला. भावजयीच्या जिभेला हाड नव्हतं.

"वन्सं, तुमचं चुकलंच! त्या टोपाची पुढची ओळ अर्धी सोडायची होतीत. झक मारत आला असता."

मावशी हसल्या. नंतर मात्र ते वाक्य त्यांना रोज टोचू लागलं. काम अर्धवट सोडणं त्यांना जमतच नव्हतं. दुसरीच्या दारात उभं राहण्यासाठी त्यांनीच त्याला नटवून सजवून धाडलं होतं.

पाच-सहा वर्षांनी भावाने हाक मारली, "ताई, गिऱ्हाईक आलंय. तूच हवीस म्हणतंय."

आवाज त्यांनी आतूनच ओळखला. हात पुसले, कपाळावरची बट सारखी केली, आणि प्रवेशाला निघालेल्या नटीसारखा एक श्वास घेऊन बाहेर आल्या. तो सुटला होता, गाल ओघळले होते. केस मात्र त्या सकाळच्याइतकेच काळेभोर.

"ओळखलंत?"

"ओळखलं." त्यांनी बाक पुढे सरकवलं. "बसा ना."

तो बसला, भावाकडे बघून आवाज उतरवला. "घरी अजून कुणाला टोपाचा पत्ता नाही. पण हल्ली बायको विचारते, तोंड म्हातारं झालं, मग केस कसे पिकत नाहीत? कानाशी थोडे पांढरे घालून द्याल? मग दर दोन-तीन वर्षांनी येत जाईन, थोडे थोडे वाढवत नेऊ. तुमच्याशिवाय कुणावर भरवसा टाकणार?"

मावशींनी भावाला बाहेर पाठवलं. टोप उतरवून आत नेला. भावजय दारातून म्हणाली, "फेकून मारा त्याच्या तोंडावर!" मावशींनी आकडा उचलला. पांढरा केस घालताना हात जराही रेंगाळला नाही. दोन काळ्यांआड एक पांढरा, मग तीन सोडून एक, जसं वय खरोखर चढत जातं तसं.

त्याने आरशात मान इकडेतिकडे वळवून पाहिली आणि खूष झाला. "वा! आता कसा जोडीने म्हातारा होतोय असं वाटेल. उपकार झाले तुमचे."

मावशींनी दार उघडून धरलं.

"पुढच्या वेळी तुमच्या बाईंना घेऊन या," त्या म्हणाल्या. "तुम्हाला किती पिकवायचं, ते त्यांनाच विचारू."