ह्यांच्यात नवरदेव कोण?

धारवाडला आमच्या नाटकाच्या दुसऱ्या अंकात वीज गेली. प्रेक्षक उठू लागले, तेव्हा प्रकाशयोजना सांभाळणारा मी धावतच शेजारच्या मंगल कार्यालयात गेलो आणि वरातीत डोक्यावर गॅसबत्ती धरणाऱ्या माणसाला घेऊन आलो. विंगेत त्यानं डोक्यावरची चुंबळ नीट केली, रंगमंचावरचे सगळे नट न्याहाळले आणि विचारलं, "अण्णा, ह्यांच्यात नवरदेव कोण? तेवढं सांगा, बाकी मी बघतो."

त्या प्रवेशात सगळी वाक्यं सासऱ्याला होती, पण मी कोपऱ्यात गप्प उभ्या असलेल्या सुनेकडे बोट दाखवलं. तो मान ताठ ठेवून थेट तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. बत्ती जराही हलली नाही. उठलेले लोक खाली बसले.

आता माझ्याकडे उजेड हवा तसा कमी-जास्त करणारे डिमर आहेत. तरी प्रत्येक दिग्दर्शकाला मी आधी तोच प्रश्न विचारतो, आणि उत्तर येईपर्यंत एकही दिवा लावत नाही.